धावपट्टीच्या टोकाला आत्या

सोमवारी सकाळी एसेता आत्या धावपट्टीच्या टोकाला जाऊन बसली. मला ते तोमासीने फोन करून सांगितलं. तोमासी विमानतळावर बुलडोझर चालवतो, आणि बुलडोझरला काम नसेल तेव्हा धावपट्टीवर आलेली डुकरं हाकलतो.

"सालोफाताई, म्हातारी बसलीय," तो म्हणाला.

"बसू दे की. घरात बसून बसून पाय आखडतात तिचे."

"तिथे बसलीय."

मग मी पुढे काही विचारलं नाही. 'तिथे' म्हणजे कुठे ते मला, त्याला, साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्याबद्दल बोलायचं मात्र सगळ्यांनी टाळलं होतं.

शनिवारी ऑकलंडहून पहिलं मोठं विमान थेट आमच्या बेटावर उतरायचं होतं. आजवर बाहेरचं विमान राजधानीच्या बेटावर, आपियालाच यायचं आणि तिथून आमच्याकडे यायचं तर बोट, नाहीतर दहा-बारा माणसांचं खडखडणारं छोटं विमान. आता आमच्या फलकावर 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द चढला होता. त्या विमानतळाची व्यवस्थापक मी. हुद्दा भारी आहे, पण सकाळी कुलूप मीच काढते आणि पाणी गेलं की संडासात बादल्याही मीच भरून ठेवते. त्या आठवड्यात तर नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं चालली होती. भिंतींचा रंग वाळत नव्हता, कस्टमच्या माणसाला राहायला घर मिळत नव्हतं, सामानाचा नवा पट्टा उलटा फिरत होता. त्यात आता आत्या.

गाडी घेऊन गेले. डांबर संपतं तिथून पुढे पोवळ्याची पांढरी खडी दाबून सपाट केलेली जागा आहे. विमान पुढे घसरलंच तर त्याला थांबायला मोकळं रान हवं, म्हणून ती. त्या खडीच्या मधोमध आत्या चटई टाकून, काळी छत्री उघडून, समुद्राकडे पाठ करून बसली होती. डोळ्यांवर नवा चष्मा. बसलेल्या वडीलधाऱ्या माणसाशी उभ्याने बोलणं आमच्यात शोभत नाही, म्हणून मीही साडेपाच फुटांचा देह दुमडून खडीवर मांडी घातली.

"आत्या, ऊन चढेल आता."

"चढू दे. आज काय पहिल्यांदा चढतंय?"

"घरी चल. भट्टीतला नीरफणस आणलाय तुझ्यासाठी."

"ठेव इथे."

"इथे कुणाला बसता येत नाही, आत्या. नियम आहे."

"मग तू का बसलीस?"

मला तिने वाढवलंय. माझी आई माझ्या लहानपणीच वारली, तेव्हापासून माझ्या वेण्या, माझी दुखणी, माझं लग्न, सगळं या बाईने केलं. गावात सगळ्यांना उत्तर देते मी. हिच्यापुढे मी अजून तीच वेण्यांची पोर.

"तुला हवंय तरी काय?" मी विचारलं.

"मला माझा मुलगा दाखव," आत्या म्हणाली. "कुठे आहे तेवढं बोटाने दाखव. मी उठते."

आमचं विमानतळ झालं ते त्या मुलामुळेच. आत्याचं पहिलं आणि एकुलतं मूल ते. जन्मून थोडे दिवस झाले होते, ताप भरला. इस्पितळ आपियाला, आणि वाऱ्यामुळे बोट सुटेना. सुटली तोवर उशीर झाला होता, मूल तिच्या मांडीवरच बोटीत गेलं. बाप्तिस्मा झालेला नव्हता, म्हणून घरापुढच्या आमच्या थडग्यांत त्याला जागा मिळाली नाही. समुद्राच्या बाजूला, केवड्याच्या रांगेपलीकडे पुरलं आणि वर पांढरे दगड रचले. आत्याचा नवरा पुढे कामासाठी न्यूझीलंडला गेला तो परत आला नाही. आत्या भावाच्या घरी, म्हणजे माझ्या वडिलांकडे, परत आली. दरवर्षी नाताळच्या आधी ती किनाऱ्यावरून नवे पांढरे दगड टोपलीतून आणायची आणि जुने बदलायची. लहानपणी टोपली धरायला मी असायची, थोरला भाऊ कधी आला नाही. कुणाचं थडगं म्हणून कधी विचारलं नाही आणि कधी सांगितलंही नाही कुणी. माहीत होतं, बस.

पुढे सरकारची माणसं सपाट जमीन शोधत आली. आमच्या बेटावर सपाट जमीन म्हणजे आमच्याच घराण्याची. घराण्याच्या प्रमुखाचा किताब सेउलूपे, आणि तेव्हा सेउलूपे म्हणजे माझे वडील. ते म्हणाले, जमीन काही अंगठी नाही काढून द्यायला. मग आत्या मध्ये बोलली. बहिणीचा शब्द भावाने मोडायचा नाही, ही आमच्याकडची रीत. ती एवढंच म्हणाली, पुन्हा कुणाचं मूल बोटीत जायला नको. वडिलांनी जमीन दिली.

पुरुषांनी कोयत्यांनी माड पाडले, बायकांनी किनाऱ्यावरून पोवळ्याची खडी वाहिली. पहिलं विमान उतरलं तेव्हा पाद्रीबाबांनी इतकी लांब प्रार्थना केली की वैमानिक पंखाच्या सावलीत झोपून गेला. मी शाळा संपवून तिथेच कामाला लागले. काम काय, तर उतारू तोलायचे. लहान विमानात माणसाचंही वजन करावं लागतं. काट्यावर बाई चढली की रांगेतून आवाज यायचा, "सालोफा, दोन्ही पायांचं वजन धर हं तिच्या." बायका मला शिव्या घालत विमानात बसायच्या. तेव्हा हसू यायचं. आता आठवलं तरी दमायला होतं.

मग डांबर आलं, कुंपण आलं, दिवे आले. धावपट्टी दरवेळी वाढली ती आमच्याच बाजूला, कारण दुसऱ्या बाजूला डोंगर. आधी आमची केळीची बाग गेली, मग तारोच्या कंदांचं शेत, मग आजोबांची स्वयंपाकाची खोपी. प्रत्येक वेळी डुक्कर भाजलं, भाषणं झाली, फीत कापली. आणि प्रत्येक वेळी धावपट्टी वाढली तशी घरातली माणसं कमी झाली. आधी चुलत भाऊ न्यूझीलंडच्या बागांत फळं तोडायला गेले, मग त्यांच्या बायका, मग पोरंबाळं. विमानातून उतरतं काय, तर डब्यातलं मांस आणि गाद्या. चढतात ती माणसं. रविवारच्या जेवणाला आमच्या घरात पूर्वी पंगती बसायच्या. आता आत्या, मी, माझा नवरा, आणि माशा वारायला कुणी नाही म्हणून माशाही. खोटं कशाला बोलू, माणसं वाचलीही त्या विमानांमुळे. तोमासी त्यातलाच. लहानपणी पोटात अपेंडिक्स फुटलं होतं त्याचं. दुपारच्या विमानाने नेला, म्हणून आज बुलडोझर चालवतोय.

वडील वारले आणि किताब माझ्या थोरल्या भावाला मिळाला. भाऊ सोळाव्या वर्षी ऑकलंडला गेला तो तिकडचाच झाला. किताब त्याच्याकडे, जमीन इकडे. वर्षानुवर्षं उंटावरून शेळ्या हाकणं चाललं होतं. धावपट्टी शेवटची वाढवायची ठरली तेव्हा हद्द दाखवायला तो एक आठवडा आला. नवे बूट, हातात वडिलांची काठी. बाहेरच्या कंपनीचे इंजिनियर होते, खात्याची माणसं होती, गावही जमलं होतं. त्याने काठी उचलून दाखवलं, "त्या पांढऱ्या दगडांच्या पलीकडपर्यंत घ्या. जुन्या घराचं जोतं आहे ते, आता काही कामाचं नाही."

गावातल्या एकूण एक माणसाला ठाऊक होतं ते काय आहे. पण परक्यांच्या देखत सेउलूपेला चूक म्हणायचं? ते आमच्यात होत नाही. सेउलूपे बोलला की संपलं. मी त्या वेळी कचेरीत फोनवर होते, समारंभात पहिल्या रांगेत कुणाला बसवायचं यावरून आपियाशी भांडत. संध्याकाळी नकाशा समोर आला, त्यावर भावाची सही आधीच होती, खाली मी केली. आत्या त्या आठवड्यात आपियाला डोळ्यांच्या ऑपरेशनला गेली होती. विमानानेच. परत आली तेव्हा तिला कित्येक वर्षांनी लख्ख दिसत होतं, आणि पाहिलं तर केवडा नाही, दगड नाहीत, काही नाही.

ती ओरडली नाही, रडलीही नाही. माझ्याशी बोलायची थांबली. त्या सोमवारी खडीवर ती जे बोलली ते कित्येक दिवसांतलं पहिलं बोलणं.

मंगळवारी तोमासीने खडी उकरून पाहिली. आत्या बघत होती. पण माती लोटून धावपट्टीखालच्या भरावात गेली होती आणि वरून रोलर फिरला होता. सापडणार काय? त्याने खड्डा बुजवला, फावडं खांद्यावर टाकलं आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

बुधवारी आपियाहून विमान खात्याच्या साहेबांचा फोन.

"धावपट्टीवर कुणी बाई बसलीय म्हणे?"

"धावपट्टीवर नाही साहेब, टोकाला. सुरक्षेच्या जागेत."

"तिथेही काही असता कामा नये. पोलिसाला सांगा, उचलून न्या."

"पोलीस तिला सकाळचा कोको नेऊन देतो, साहेब. त्याच्या आजीची मैत्रीण आहे ती."

"शनिवारी सकाळी तपासनीस येईल. जागा मोकळी नसेल तर तो विमान उतरू देणार नाही. मग फलक उतरवा आणि तुम्हीही उतरा."

"बरं," मी म्हटलं. अशा माणसांना मी बरंच म्हणते. वाद घालायला अंगात ताकद लागते.

रात्रीच्या जेवणाआधी भावाला फोन लावला. त्याच्या घरात टीव्ही मोठ्याने चालू होता.

"दादा, आत्या उठत नाहीये."

"तू समजाव ना. तुझं ऐकते ती."

"माझं कशाला ऐकेल? मुलगा तिचा, उकरलास तू."

"मी काय मुद्दाम केलं? मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुला सांगायची छाती कुणाची? काठी घेऊन उभा होतास."

"तू सांगायचंस. तू बहीण आहेस. बहिणीचं ऐकावंच लागतं मला."

हे त्याचं खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

"हे बघ," तो म्हणाला, "शनिवारच्या विमानाने आम्ही सगळे येतोय. पोरंसोरं, मावशी, चुलते, सगळे. तिकिटं निघालीत. मी आल्यावर तिच्या पाया पडतो."

"ती उठल्याशिवाय तू उतरणार कुठे, दादा?"

तिकडे टीव्ही बंद झाला. मग तो म्हणाला की उद्या करतो फोन. केला नाही.

माझा नवरा सिमी ओसरीवर नारळ किसत होता. त्याने सगळं ऐकलं होतं. मी त्याच्याजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "इफोगा करावा म्हणते."

त्याचा हात थांबला. इफोगा काही उठसूट करायची गोष्ट नाही. खून झाला, अपघातात कुणाचा पोरगा गेला, तर अपराध्याच्या घरचे पहाटे बारीक विणीची चटई डोक्यावर पांघरून त्यांच्या दारात जाऊन बसतात. खाली मान घालून बसायचं, एक शब्द बोलायचा नाही. ज्यांचं गेलं त्यांनी येऊन चटई उचलली तर माफी झाली, चटई त्यांच्या घरात जाते. नाही उचलली तर दिवसभर बसायचं. पूर्वी चटईवर कुऱ्हाडी पडल्याचंही सांगतात.

"तुझ्या घरचे येतील माझ्याबरोबर?" मी विचारलं.

"कशाला येतील? एका घराने दुसऱ्या घरापुढे करायचं असतं ते. इथे चूक तुझ्या माहेराची आणि घावही तुझ्या माहेरालाच. आपलेच दात आणि आपलेच ओठ. चटई उचलायला आहे कोण त्या घरात?"

"आत्या आहे."

"आणि तिने नाही उचलली तर?"

"तर बसून राहीन."

"आणि विमान?"

मी खाली सांडलेला कीस वेचायला लागले.

"एकदा ठरव सालोफा," तो म्हणाला, पण रागाने नाही. "तू तिथली व्यवस्थापक आहेस की तिची भाची."

"तेच करून दमलेय मी, सिमी. दोन्ही होऊन होऊन दमलेय. मला आता कुणीतरी एक सांगा आणि सोडा."

त्याने किसलेलं खोबरं बाजूला ठेवलं, आत गेला, आणि पेटीतून माझ्या लग्नातली चटई काढून आणली. माझ्या आईने विणलेली. एवढी मऊ की लुगड्यासारखी घडी होते. "वाळवी लागलेली नाही," तो म्हणाला. तेवढंच.

शनिवारी उजाडायच्या सुमाराला मी चालत गेले. गाडी नेली नाही. आत्या होती तिथेच, मांडीवर हात, रात्री कुणीतरी तिच्या खांद्यावर चादर टाकली असावी. मी तिच्यासमोर गुडघे टेकले, चटई डोक्यावरून घेतली आणि मान खाली घातली. ठरवलं होतं की मनात देवाचं नाव घ्यायचं. पण गुडघ्याला खडी अशी टोचत होती की देव सुचेना. कमरेला रेडिओ खोचलेला होता. मी व्यवस्थापकही होतेच.

चटईच्या आत उजेड पिवळा दिसतो, आणि पेटीतल्या कापराचा वास येतो. थोड्या वेळाने कडेची खडी वाजली आणि कुणीतरी रांगत आत शिरलं.

"सरका जरा, ताई."

"तू कशाला आलास?"

"बुलडोझर कोण चालवत होतं?"

तोमासीला घामाचा आणि डिझेलचा वास येत होता. मी सरकले. बोलायचं नसतं, पण मला राहवेना.

"तुला माहीत होतं ना रे?"

"होतं."

"मग?"

"सेउलूपेने काठी दाखवली," तो म्हणाला. "दगडांपाशी आलो आणि मी मशीन बंद केलं, ताई. सगळ्यांकडे पाहिलं. गावातले होते, शिक्षक होते, पाद्रीबाबा होते. वाटलं, कुणीतरी बोलेल. कुणी बोललं नाही. मग चालू केलं."

मला रडू आलं. त्याच्यासाठी आलं की माझ्यासाठी, सांगता येणार नाही. मी त्या वेळी कचेरीतून खिडकीबाहेर पाहिलं असतं, तर मीही बोलले नसते. हे मला त्या चटईखाली पक्कं कळलं.

बाहेर पावलं वाजायला लागली. आधी थोडी, मग पुष्कळ. चटईच्या काठाखालून मला पायच दिसत होते. पोलिसाचे बूट, शिक्षकांच्या चपला, पाद्रीबाबांच्या बायकोची सुजलेली पावलं. सगळे आमच्या मागे खडीवर बसत गेले. दुरून गाडीचा हॉर्न वाजला, तपासनीस आला होता. कमरेचा रेडिओ खरखरला. विमान निम्म्याच्या पुढे आलंय, धावपट्टीची स्थिती कळवा. "थांबा," मी म्हटलं आणि आवाज कमी केला.

ऊन चढलं. पाठ पेटली. तोमासीने दोनदा जांभई दिली आणि दोनदा माफी मागितली. आत्या हलत नव्हती. मला वाटायला लागलं, नाही उचलणार ती. आणि का उचलावी? तिच्या शब्दावर जमीन दिली आणि त्याच जमिनीने तिचं पोर दुसऱ्यांदा नेलं. मी असते तर उचलली नसती.

मग छत्री मिटल्याचा आवाज आला. मिटलेली छत्री टेकत टेकत ती जवळ आली आणि थांबली.

"आत कोण कोण आहे?"

"मी आणि तोमासी, आत्या."

"तोमासी, पोट बरंय ना तुझं?"

"बरंय, आत्या."

"तुला त्या दिवशी विमानात मी बसवून दिलं होतं. रडून अख्खं विमान डोक्यावर घेतलं होतंस."

तोमासी हुंदके देत रडायला लागला. एवढा मोठा बाप्या, तीन पोरांचा बाप. आत्याने चटईची कड धरली आणि तिच्या अंगात होती नव्हती ती ताकद लावून ओढली. एकदम उजेड आला. मला काही दिसेना. दिसायला लागलं तेव्हा आत्या चटईवरून हात फिरवत होती, विणीत बोटं घालून पाहत होती.

"तुझ्या आईची?"

"हो."

"हात चांगला होता तिचा."

मागे कुणीतरी प्रार्थना सुरू केली. माफी झाली की ती करतात. आत्याने हात वर करून त्यांना गप्प केलं.

"त्याला चटई मिळाली नव्हती," ती म्हणाली. माझ्याशीच बोलत होती, पण सगळ्यांना ऐकू जात होतं. "बाप्तिस्म्याआधी गेला. तेव्हाचे पाद्रीबाबा म्हणाले, नावच नाही त्याला चटई कसली. माझ्या कमरेच्या लावालाव्याच्या कापडात गुंडाळून दिला मी."

तिने चटई खडीवर पसरली. नीट, कोपरे ओढून ओढून, बाळाच्या अंथरुणाला काढतात तशा सुरकुत्या काढल्या.

"आत्या, तो इथे नाही," मी म्हटलं. मला ते बोलवत नव्हतं. "कुठे आहे ते मला खरंच दाखवता येत नाही."

"माहीत आहे मला. पोरी, मला आता चांगलं दिसतं." तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "कुठेतरी पसरायला हवी ना. इथे पसरते."

सगळ्यांत आधी शिक्षक उठले. समुद्राच्या बाजूला जाऊन एक पांढरा दगड घेऊन आले आणि चटईच्या कोपऱ्यावर ठेवला. मग पोलीस गेला. मग एकेक करून सगळे. कुणी बोलत नव्हतं, पण हे गप्प बसणं निराळं होतं. पाद्रीबाबा शेवटी आले. त्यांनी दगड हातात धरून आत्याला विचारलं, "नाव काय ठेवणार होतीस?" आत्याने सांगितलं. माझ्या वडिलांचंच नाव होतं ते. मी पहिल्यांदाच ऐकलं.

तपासनीस गाडीतून उतरून आला. सभ्य माणूस होता, टोपी काढून उभा राहिला.

"आजीबाई उठल्या, फार बरं झालं," तो मला हळूच म्हणाला. "आता एवढं सामान हलवून घ्या. विमान जवळ आलंय."

आत्याने ऐकलं. "घे उचलून," ती मला म्हणाली. "झालं माझं. आपली माणसं येतायत त्यातून, उतरू दे त्यांना."

ती मनापासून म्हणत होती. मी वाकलेही. पहिल्या दगडाला हात लावला, तो उन्हाने तापला होता. मागे सारं गाव उभं होतं आणि माझ्या हाताकडे बघत होतं. कुणीही काही बोललं नसतं. मी उचलले असते तरी नसतं बोललं.

मी हात काढून घेतला.

"हे सामान नाही," मी तपासनीसाला म्हटलं. "नकाशात घालायचं राहिलंय. घालून घ्या. धावपट्टी पूर्वी होती तेवढीच धरा."

"म्हणजे मोठं विमान उतरणारच नाही, बाई. तुम्हाला कळतंय ना काय बोलताय?"

"आपियाला उतरवा. आमची माणसं बोटीने येतील."

रेडिओ पुन्हा खरखरला. धावपट्टीची स्थिती काय, टोकाला काही अडथळा आहे का. मी तो तोंडाजवळ धरला आणि मागच्या रांगेतल्यालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, "टोकाला आमच्या मुलाचं थडगं आहे."